कोपनहेगनचा दस्तरखान

वाचकहो, या महिन्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला जाऊ या. थंड समुद्राकाठचे हे शहर. इथले जुने जेवण साधेच: राय धान्याचा काळपट पाव, त्यावर लोणी, खारवलेला मासा किंवा मांसाचा काप. १९२१ पासून रस्त्यावर सॉसेजच्या हातगाड्या उभ्या राहू लागल्या. सॉसेज अर्थात डुकराच्या मांसाचे. हॉटेलात मोठी मेजवानी म्हटली की ती फ्रेंच पद्धतीची. आपल्या घरच्या अन्नाला पाहुण्यांपुढे मांडण्याइतका मान खुद्द डॅनिश लोकांनीच दिला नव्हता.

मग २००३ साली बंदरावरच्या एका जुन्या गोदामात 'नोमा' नावाचे हॉटेल उघडले. पुढच्याच वर्षी नॉर्डिक देशांतल्या बारा आचाऱ्यांनी मिळून एक जाहीरनामा काढला. आपल्या मातीत, आपल्या समुद्रात आणि आपल्या ऋतूत जे मिळते तेच शिजवायचे, असा त्याचा मतितार्थ. ऑलिव्ह तेल दूर झाले; रानातली बोरे, शेवाळ, समुद्रातल्या वनस्पती, महिनोन्‌महिने आंबवलेल्या भाज्या ताटात आल्या. सुरुवातीला लोकांनी थट्टा केली. पण २०१० मध्ये 'नोमा'ला जगातले सर्वोत्तम हॉटेल म्हणून निवडले गेले आणि पुढेही हा मान त्याला अनेकदा मिळाला. जगभरातून माणसे केवळ जेवायला कोपनहेगनला येऊ लागली.

आता यातली आम्हाला विशेष वाटणारी गोष्ट. 'नोमा'चे मुख्य आचारी राहिलेले रेने रेझेपी यांचे वडील मॅसेडोनियातून आलेले अल्बानियन मुसलमान. ते टॅक्सी चालवत, तर डॅनिश आई सफाईकाम करी. रेझेपींच्या बालपणीच्या सुट्ट्या वडिलांच्या खेड्यात गेल्या. तिथे दूध, फळे, भाज्या सारे घरचे आणि रानातले. डेन्मार्कला आपल्या मातीची चव नव्याने दाखवून देणाऱ्यांत एका स्थलांतरिताचा मुलगा पुढे होता, हे विसरता येत नाही.

या झगमगाटापासून दूर, नोरेब्रो भागात दुसराच बदल घडत होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तुर्कस्तान, पाकिस्तान आणि युगोस्लाव्हियातून कामगार आले. १९७३ मध्ये सरकारने ही भरती थांबवली; पण आलेली माणसे राहिली, कुटुंबे आली. पुढे लेबनॉन, इराक, सोमालिया, सीरियातूनही लोक आले. भाजीची दुकाने, हलाल मांसाची दुकाने, शवर्मा आणि फलाफलची हॉटेले उभी राहिली. कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, डाळी, खजूर तिथे हारीने मांडलेले असतात. रात्री उशिरा भूक लागलेला डॅनिश तरुण आज हातगाडीच्या सॉसेजइतकाच सहज शवर्मा खातो. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. रमजान त्या दिवसांत आला की रोजा अठरा तासांहून मोठा होतो आणि इफ्तार होईतो शेजारीपाजारी झोपायला निघालेले असतात.

शवर्मा शहराचा झाला. तो करणाऱ्यांच्या श्रद्धेला मात्र तेवढी सहज जागा मिळालेली नाही. २०१४ हेच वर्ष पाहा. फेब्रुवारीत सरकारने बेशुद्ध न करता जनावर जिबह करण्यास धार्मिक कारणासाठी असलेली सूट काढून घेतली. देशातल्या कत्तलखान्यांत आधी बेशुद्ध करण्याची पद्धत पूर्वीपासून होती आणि बाहेरून मांस आणण्यासही बंदी नव्हती, म्हणून दुकाने ओस पडली नाहीत. पण मुसलमान आणि यहुदी या दोघांनाही ही गोष्ट लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जनतेच्या मतदानाने राष्ट्रीय पदार्थ ठरला: डुकराचे तळलेले मांस. आपल्या आवडीचा पदार्थ निवडण्याचा त्यांना हक्क आहेच. शाळेत डॅनिश मित्रांबरोबर वाढणाऱ्या मुसलमान मुलाला मात्र 'आपण या पंगतीतले की पाहुणे?' हा प्रश्न पडला, तर त्याला दोष देता येणार नाही.

या शहराकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. दुकानांत उरलेले, मुदत संपत आलेले पण खाण्याजोगे अन्न स्वस्तात विकणारे दुकान २०१६ मध्ये एका ख्रिस्ती मदत संस्थेने तिथे सुरू केले. हॉटेलांतले उरलेले पदार्थ मोबाइलवरून कमी दरात विकण्याची सोयही याच शहरातून पसरली. इस्राफ वाईट हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे त्यावर रोजचा उपाय शोधला गेला.

आणि ज्यांची मुले शिकायला किंवा नोकरीसाठी तिकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. पाकिटावर 'स्विने' ही अक्षरे दिसली तर त्यात डुकराचा अंश आहे असे समजावे. बिस्किटे, मिठाई घेताना जिलेटिन आणि चरबी पाहावी. हॉटेलात रस्सा वाइनमध्ये शिजवला आहे का, हे निःसंकोच विचारावे. कोणी वाईट मानत नाही. हलाल दुकानात जनावर कोणत्या पद्धतीने जिबह केले, हेही विचारून घ्यावे. आणि घरात बिर्याणी शिजली की एक ताट शेजारच्या डॅनिश कुटुंबाकडे जरूर पाठवावे. नोरेब्रोतल्या दुकानदारांनी चाळीस-पन्नास वर्षे हेच काम केले आहे, आणि कायद्याने किंवा मतदानाने जी ओळख होत नाही ती तिथे रोजच्या गिऱ्हाइकीतून झाली आहे.