पेटीत आलं ते ताटात

सिरुसेरीत शेतावरच्या भाज्यांची आठवड्याची पेटी लावली, की पहिले दोन आठवडे मजेत जातात. तिसऱ्या पेटीतून निघतं केळफूल, हातभर केळीचा गाभा आणि कसलासा पाला. मेथी नाही, फ्लॉवर नाही. केळफूल फ्रिजमध्ये काळं पडतं आणि महिन्याभरात पेटी बंद होते. आपले थोडे पैसे वाया जातात. शेतकऱ्याने मात्र आपल्या भरवशावर पेरलेलं असतं.

जपानमध्ये १९७०च्या दशकात घरं आणि शेतकरी यांनी असाच थेट व्यवहार सुरू केला. त्याला ‘तेइकेई’ म्हणतात. विचार साधा: शेतात जे पिकेल, ते आपण खायचं.

इथला मोसम आपल्या गावासारखा नाही. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. दिवाळीनंतर आपल्याला कोवळ्या पालेभाज्या आठवतात, तेव्हा इथल्या वाफ्यांत पाणी साचलेलं असू शकतं. म्हणून यादी बाजूला ठेवा, आधी पेटी उघडा.

अनोळखी वाटणारी भाजी बहुतेकदा आपलीच असते, फक्त नाव तमिळ. पुडलंगाय म्हणजे पडवळ, पीरकंगाय म्हणजे दोडका, कोत्तवरंगाय म्हणजे गवार. मुरुंगै कीरै हा शेवग्याचा पाला, अगत्ती कीरै हा हादग्याचा. हादग्याच्या फुलांची भाजी आपण करतो. इथे पालाही खातात.

दर वेळी नवी रेसिपी शोधू नका, आईच्या पद्धती लावून पाहा.

पीठ पेरून: शेवग्याचा किंवा मुळ्याचा पाला, लसणाची फोडणी, वरून बेसन.

डाळ घालून: पडवळ आणि भिजवलेली चणाडाळ.

थालीपीठ: भाजणीत किसलेला कोहळा. त्याचंच पाणी बरंचसं पुरतं.

कोशिंबीर: केळीचा गाभा चकत्या करून चिरा, निघणारे धागे बोटावर गुंडाळून काढा, तुकडे ताकात टाका. मग दही, दाण्याचं कूट, मिरचीची फोडणी.

चटणी: दोडक्याच्या शिरा तेलावर कुरकुरीत परता, तीळ आणि सुकं खोबरं घाला.

आणि ते केळफूल? हाताला तेल लावा. प्रत्येक फुलातली कडक काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढा. बारीक चिरून रात्रभर पातळ ताकात बुडवून ठेवा; काळं पडत नाही, तुरटपणा उतरतो. सकाळी पिळून, उकडलेले काळे वाटाणे, ओलं खोबरं आणि गुळाचा खडा घालून कोकणातली भाजी करा. निवडायचं काम दोघा-तिघांत वाटून घेतलं, तर गप्पांत उरकतं.

शेवटी क्रम सांभाळा. मुळ्याचा पाला आल्याआल्या कापून वेगळा करा, नाहीतर मुळे सुकतात. पालेभाज्या कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि पहिल्या दोन दिवसांत संपवा. मग भेंडी, गवार, दोडका, पडवळ. सुरण, लाल भोपळा आणि अख्खा कोहळा फ्रिजबाहेर थांबतात, त्यांना आठवड्याच्या शेवटी हात लावा. सुरण चिंच किंवा आमसूल घालून शिजवा, म्हणजे घशाला खाजणार नाही.

पुढच्या पेटीत नाव न कळणारी भाजी आली, तर शेजारच्या पाटींना विचारा. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. त्या पद्धत सांगतील, तुम्ही त्यांना थालीपीठ द्या.