पशुवैद्यकाचा हक्क देशाचा, तक्रार मात्र राज्याची

भंडारा जिल्ह्यातील सानगडी हे साकोली तालुक्यातील गाव. साकोलीहून राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेकडे निघाले की देवरीच्या पुढे छत्तीसगड लागते. गोंदिया ओलांडले की मध्य प्रदेशातील बालाघाट. या टापूतील तरुण पशुवैद्यकाची पदवी नागपूरला घेतो, जबलपूरला घेतो किंवा दुर्गजवळील अंजोऱ्यालाही. छत्तीसगडमध्ये नोंदणी झालेल्या अशा पशुवैद्यकाने सानगडीत दवाखाना उघडायचे ठरविले, तर त्याला नव्या परवान्याची गरज आहे काय?

कायद्यानुसार नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे भारतीय नोंदवहीत नाव असलेल्यास देशात कोठेही व्यवसाय करता येतो. अमेरिकेत सामायिक परीक्षा उत्तीर्ण होऊनही प्रत्येक राज्याचा परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. त्या मानाने आपली व्यवस्था उदारच म्हणावी लागेल.

मात्र ही भारतीय नोंदवही राज्यांच्या नोंदवह्या एकत्र करूनच तयार होते. याचे मूळ राज्यघटनेत आहे. माणसांच्या वैद्यकीय व्यवसायाचा विषय समवर्ती सूचीत, तर पशुवैद्यकाचा राज्यसूचीत. त्यामुळे संसदेला अनुच्छेद २५२ चा आधार घेऊन, काही राज्यांच्या ठरावांवरून हा कायदा करावा लागला. इतर राज्यांनी तो पुढे स्वीकारला. साहजिकच नोंदणी, नूतनीकरण आणि शिस्तभंगाची कारवाई राज्य परिषदांच्या हाती राहिली. महाराष्ट्राची परिषद नागपुरात आहे.

खरी अडचण येथेच आहे. नाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलविण्याची सोय कायद्यात आहे, पण ती ऐच्छिक. नाव न हलविताही व्यवसाय चालतो. पशुवैद्यकाचे यात काही बिघडत नाही; बिघडते ते पशुपालकाचे. चुकीच्या उपचाराने दुभती म्हैस दगावली, तर सानगडीच्या शेतकऱ्याने दाद कोठे मागायची? नाव नोंदवहीतून कमी करण्याचा अधिकार ज्या राज्याची नोंदवही, त्या परिषदेचा. म्हणजे जनावर मेले महाराष्ट्रात आणि तक्रार छत्तीसगडला! धानाच्या हंगामात एवढी पायपीट कोण करणार? तो गप्प बसतो.

शिवाय दारी आलेला इसम नोंदणीकृत आहे की नाही, हे त्याला कळावे कसे? अडलेली गाय समोर असताना प्रमाणपत्र कोणी मागत नाही. नोंदणी नसलेल्यांचे फावते ते त्यामुळेच.

नवे परवाने काढून हे सुटणार नाही. त्याने सीमाभागात येणारे पशुवैद्यकही येईनासे होतील. दुसऱ्या राज्यात कायम दवाखाना थाटणाऱ्याने ठरावीक मुदतीत नाव हलविणे बंधनकारक करावे आणि ते काम एका अर्जात व्हावे. शिवाय व्यवसाय जेथे चालतो, तेथील परिषदेला तक्रार दाखल करून घेण्याचा अधिकार द्यावा. त्यासाठी १९८४ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागेल आणि ती दिल्लीतच होऊ शकते.