काट्यावरचं वजन आणि पोटावरचे टाके

लातूरहून पोटाचं ऑपरेशन करून कुणी रेणापूरला परतलं की भेटायला आलेली एखादी बाई हमखास म्हणते, "खात्यापित्या घरची हाय, जखम आठ दिवसांत भरंल." दुसरी दाराबाहेर कुजबुजते, "एवढ्या अंगाचे टाके उसवणारच की." मला दोघींचंही पटत नाही.

पहिलीचा समज जुना. चरबी म्हणजे साठवलेली ताकद नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या विरळ, म्हणून जखमेला प्राणवायू कमी आणि औषधही पुरेसं पोचत नाही. जाड थरात पोकळी राहिली की पाणी साचतं. छेद ओटीपोटाच्या वळीखाली असला तर घाम, ओल आणि नेमकी तिथंच करकचून बांधलेली परकराची नाडी! सिझेरियनमध्ये चरबीचा थर 2 सेंटिमीटरहून जाड असला तर त्यालाही वेगळे टाके घालावेत असं सांगतात, ते उगाच नाही.

मग दुसरी खरी? धोका वाढतो हे कबूल. पण 'उसवणारच' कशावरून? बहुतेक जाड माणसांच्या जखमा नीट भरतात. उलट बारीक माणूस सुटला असंही नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडीनं काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3; अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! हातपाय काडीसारखे आणि सदऱ्याआड सुटलेलं पोट, अशी माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. अशा पोटामागं साखरही वाढलेली असू शकते, पण ती तपासावी हे घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. वाढलेल्या साखरेनं पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम चिघळते.

म्हणून किलो मोजून थांबू नका. चरबी कुठं आहे, साखर किती, बिडी निदान महिनाभर आधी सुटली का, हे विचारा. आणि 'पू होतो' म्हणून वरण, अंडं बंद करणाऱ्यांना तर स्वयंपाकघराबाहेरच बसवावं. जखम सांधायला प्रथिनंच लागतात. ऑपरेशनच्या तोंडावर उपास धरून वजन उतरवणं हाही तोच घोटाळा.

पोटाचं ऑपरेशन झालेल्या आमच्या मावशीनं वरण मुकाट्यानं खाल्लं. नाडी सोडून गाऊन घालायला मात्र चार दिवस भांडली: "माणसं भेटाया येत्यात, अशी कशी बसू?"