कुळी धातूची, परीक्षा बुडाची

स्वयंपाकाच्या भांड्यांविषयी अलीकडे जी मते मोठ्या अधिकारवाणीने मांडली जातात, त्यांतील बहुतेकांचा पाया धातूच्या कुळशीलावर रचलेला असतो. पितळ सात्त्विक, तांबे औषधी, लोखंड पौष्टिक, अ‍ॅल्युमिनियम विषारी, अशी जातवारी एकदा लावून दिली की घेणाऱ्याने केवळ थैली मोकळी करावी, विचार करण्याचे त्याला प्रयोजन उरत नाही. या मताचा परामर्श घेणे अवश्य आहे, कारण त्यापायी पैसा जातो तो जातोच, पण चांगले भांडे म्हणावे तरी कशाला, हा मूळ प्रश्नच बाजूस पडतो.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, वाडवडिलांनी पितळेत आणि तांब्यात रांधले, सबब तेच आरोग्यास हितकर. रांधले हे खरे. परंतु ते नुसत्या पितळेत नव्हे, कल्हई केलेल्या पितळेत, हा तपशील गैरसोयीचा साक्षीदार वकिलाने दडवावा तसा सोयीस्करपणे गाळण्यात येतो. ताक, चिंच, आमसूल यांचे आम्ल उघड्या पितळेला लागले की पदार्थ कळकतो, हे ज्या घरांत पितळ रोजच्या वापरात होते तेथे पोरासोरांनाही ठाऊक होते, आणि म्हणूनच कल्हईवाल्याची आरोळी आली की घरातली सारी भांडी अंगणात येत. तो भाता लावून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकून आतला मळ उडवी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील क्षणार्धात पार काठापर्यंत पसरी. कथील अवघ्या 232 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेला एवढ्याशा भट्टीवर साधे. पण त्याच कारणाने रिकामे भांडे जाळावर विसरले की केलेली कल्हईही हातची जाते. आता कल्हईवाला गल्लीत क्वचितच फिरकतो. अशा स्थितीत पितळेची कढई हौसेने घेऊन, कल्हई उडाल्यावरही तीत कढी उकळवणारा जो नवा सनातनी, त्याने वाडवडिलांचा दाखला देण्याच्या फंदात न पडावे हे बरे.

यावरून पितळेची निंदा करण्याचा माझा हेतू आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम करणारा कारागीर पत्र्यावर जे ठोके बसवतो, त्यांनी भांड्याला शोभा येते तशीच धातूला कठीणपणाही येतो. त्या घडणीबद्दल जास्त दाम देणे सर्वथा योग्य; यंत्राने नुसत्या खळ्या उठवलेल्या पत्र्याला तेच दाम देणे मात्र शुद्ध फसगत.

दुसरी फिर्याद अ‍ॅल्युमिनियमविरुद्ध. इंग्रजांनी कैद्यांना खच्ची करण्यासाठी ही भांडी तुरुंगांत आणली, अशी एक कथा मोठ्या आवेशाने सांगतात. तिची रुजुवात कोणी करून देत नाही. कागदोपत्री आढळते ते एवढेच, की 1898 साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटरटन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवण्याचा उद्योग सुरू केला. या धातूने स्मृतिभ्रंश होतो, हा आरोपही आजवर शाबीत झालेला नाही. आंबट पदार्थात तो थोडा उतरतो हे निर्विवाद. म्हणून चिंचेची आमटी त्यात शिजवू नये, रात्रभर तर मुळीच ठेवू नये. पथ्य एवढेच; पण पथ्य सांगितले की लोकांना पुरत नाही, त्यांना फाशीच हवी असते.

तिसरे मंडळ स्टीलवाल्यांचे. यांतील चिकित्सक खिशात लोहचुंबक बाळगून दुकानात जातात आणि तो चिकटला की भांडे हलके ठरवून मोकळे होतात. ही कसोटी दोन्ही अंगांनी लंगडी आहे. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेल्या उत्तम स्टीलला चुंबक फारसा धरत नाही हे खरे. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त 202 जातीलाही तो धरत नाही, आणि उलट इंडक्शनच्या शेगडीवर चालावे म्हणून ज्याच्या बुडाला मुद्दाम चुंबकीय स्टील लावलेले असते, ते महागातले भांडे मात्र या न्यायाने खोटे ठरते.

स्टीलचा खरा दोष निराळाच आहे. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या सुमारे 15 पट आणि तांबे सुमारे 25 पट उष्णता वाहून नेते. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दूध आटवून पाहावे: शेगडीच्या ज्वाळेचे कडे जेवढे, नेमके तेवढेच करपलेले कडे बुडाशी उमटते, आणि काठाजवळचे दूध तोवर जेमतेम तापलेले असते. यावर कारखानदारांनी काढलेली तोड म्हणजे तीन थरांचे भांडे. त्याच्या पोटात, दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये, काय असते? तेच बहिष्कृत अ‍ॅल्युमिनियम! ज्याला माजघरातून हाकलले, तोच पाहुणा भरजरी अंगरखा घालून पुढच्या दाराने आला, आणि यजमानाने त्याचे दामदुप्पट स्वागत केले.

न चिकटणाऱ्या तव्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांचा लेप सुमारे 260 अंशांपलीकडे बिघडू लागतो, तेव्हा भाकरीसाठी असा तवा मोठ्या आचेवर रिकामा तापवणे हा सरळ अविचार होय.

मग उत्तरपक्ष काय? भांड्याचा गुण ठरतो तो धातू, जाडी आणि त्यात व्हावयाचे काम यांच्या जुळणीवर. कोकणातील घावनाला बिडाचा तवा लागतो, कारण जड बीड उष्णता साठवून धरते आणि गार पीठ ओतले तरी तव्याचा ताव उतरत नाही. भाकरीला मात्र लोखंडी पत्र्याचा हलका तवा बरा, कारण आच कमीजास्त केलेली त्याला लगेच कळते. बिडाच्या तव्यावर तेलाचा हात फिरवून तो तापवीत गेले की ते तेल कडक होऊन त्याचा काळा, गुळगुळीत थर बसतो. तो एकदा बसला की घावन आपण होऊन कडा सोडतो. कढई घेताना बूड सपाट पृष्ठावर ठेवून डुगडुगते काय ते पाहावे, कानाचे रिव्हेट आतून चाचपावेत, झाकण फिरवून पाहावे. कुकरला आयएसआय चिन्ह आहे याची खातरजमा करावी.

या सर्वांवर आक्षेप येतो तो खर्चाचा: जाड बुडाची भांडी सर्वांना कशी परवडावीत? सगळी घ्या असे म्हणतो कोण! नगांचा संच विकणे ही दुकानदाराची सोय आहे, चुलीची नव्हे. खीर, बासुंदी आणि परतलेल्या रस्सेदार भाज्या यांना जाड बूड हवे, तेवढे एक पातेले वजन पाहून घ्यावे. चहाचे आधण ठेवायला किंवा बटाटे उकडायला स्वस्त पातळ पत्र्याचे पातेले खुशाल चालते, कारण तेथे उष्णता फिरवण्याचे काम पाणी स्वतःच करते. वाचलेल्या पैशातून विळीला धार लावून आणावी. ती बोथट असेल तर तीन थरांच्या कढईतही कांदा सारखा परतला जाणार नाही, कारण तो सारखा चिरलेलाच नसतो.