ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे

टर्बो इंजिनाच्या पिकअप ट्रकमध्ये नेहमी सर्वांत महाग पेट्रोलच भरावे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला सरसकट पटत नाही. ऑक्टेनचा आकडा इंधनातली ऊर्जा सांगत नाही. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता सांगतो. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, दाब आणि उष्णता वाढते, म्हणून तिथे या आकड्याला महत्त्व येते.

माझ्याकडे 3.5 लिटर इकोबूस्ट इंजिनाचा फोर्ड एफ-150 आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत रोजच्या वापराला 87 ऑक्टेन पुरेसे म्हटले आहे. ट्रेलर ओढण्यासारख्या जड कामासाठी प्रीमियमची शिफारस आहे. त्यामुळे कामावर जाताना मी 87च भरतो. भर उन्हाळ्यात ट्रेलर जोडून इकडे कोलोरॅडोच्या डोंगरांतला आयझेनहॉवर बोगद्याकडचा चढ चढायचा असला, की प्रीमियम, म्हणजे 91. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सरला ठोके जाणवले, की संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण ऐन चढावर जोर कमी पडतो.

खरा धोका दुसऱ्या टोकाला आहे. इथल्या पंपांवर 85ही मिळते. उंचावरच्या विरळ हवेत जुन्या, बिनटर्बो इंजिनांना ते चालून जाई. टर्बो हवेची ती उणीव भरून काढतो, म्हणून ती सवलत त्याला लागू नाही.

भारतातील वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे: मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने अमेरिकेतले 87 म्हणजे तिकडचे साधारण 91.

पंपावरची पाटी पाहण्याआधी गाडीची पुस्तिका वाचा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डेन्व्हर (कोलोरॅडो)