राखीव केंद्राचे जागरण

संकटकाळी नागरिकाच्या हाताशी तीनच आकडे असतात : ११२. घरात चोर शिरो, रस्त्यावर वाहनांची टक्कर होवो वा आग भडको, हे आकडे दाबताच पलीकडून माणसाचा आवाज यावा, हे शासनाने जनतेस दिलेले वचन आहे. २०२१ साली महाराष्ट्रात ही व्यवस्था सुरू झाली, तेव्हा तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईस व दुय्यम केंद्र नागपुरास ठेवण्यात आले. मुख्य केंद्रावर हाकांची गर्दी झाली किंवा ते बंद पडले, तर हाक आमच्या नगरीकडे वळावी, अशी ही योजना. हा मान शोभेचा नव्हे. ती एक गंभीर जबाबदारी होय.

दोन केंद्रांत सुमारे ८०० किलोमीटरांचे अंतर राखण्यात शहाणपणच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला व मुंबईतील दूरध्वनींनी मान टाकली. तसे पुन्हा घडल्यास नागपूर कोरडे असेल. मात्र नागपूरही निर्धास्त नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, हे नागपूरकर विसरलेले नाहीत.

परंतु केंद्रे दोन असली म्हणजे काम भागले, असे मानणे घातक ठरेल. अमेरिकेत ९ एप्रिल २०१४ च्या रात्री कोलोरॅडोतील एंगलवुड येथील केंद्र, हाकांना क्रमांक देणाऱ्या गणकाची चार कोटींची मर्यादा संपल्यामुळे, हाका पुढे धाडीनासे झाले. मायामी येथे दुसरे केंद्र सुस्थितीत होते. तथापि यंत्राने हा बिघाड किरकोळ ठरविला आणि हाका तिकडे आपोआप वळल्याच नाहीत. सुमारे सहा तासांत सात राज्यांतील ६,६०० हून अधिक हाका वाया गेल्या. राखीव केंद्र होते. त्यास कोणी जागे केले नाही.

याचे मर्म दूरध्वनीच्या रचनेतच आहे. एक्स्चेंज हाक गेटवेकडे सोपविते, तेव्हा तीन गोष्टी संभवतात. ‘समोरचा क्रमांक गुंतलेला आहे’ असे उत्तर आले, तर वाट बदलून उपयोग नाही. ‘सेवा देता येत नाही’ असे उत्तर आले, तर हाक तत्काळ दुसऱ्या गेटवेकडे वळविता येते. पण गेटवे काहीच बोलला नाही तर? प्रचलित नियमानुसार, वेगळी तजवीज केली नसल्यास, एक्स्चेंज ३२ सेकंदांपर्यंत वाट पाहत राहते. ज्याच्या घरास आग लागली आहे, त्यास ही ३२ सेकंदे युगासारखी भासतील. तो तत्पूर्वीच फोन ठेवील. म्हणून एक्स्चेंजने गेटवेस ठराविक अंतराने ‘जागा आहेस ना?’ असे विचारीत राहावे लागते. एवढ्यानेही पुरते समाधान होत नाही. गेटवे ‘जागा आहे’ म्हणतो आणि त्याच्या पलीकडची तार मेलेली असते! खरी कसोटी एकच : प्रत्यक्ष हाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचवून पाहणे.

यास्तव आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्याच्या गृहखात्याने दर पावसाळ्यापूर्वी, पूर्वनियोजित वेळी, मुख्य केंद्राचा भार नागपूर केंद्रावर सोपवून पाहावा. किती हाका वळल्या, किती निसटल्या, किती वेळ लागला, याचा हिशेब जनतेपुढे मांडावा. असे प्रयोग होत असतील तर त्यांचे निकाल झाकून ठेवण्याचे प्रयोजन काय? दुसरे, केंद्राकडे येणाऱ्या दोन्ही वाटा एकाच चरातून आणू नयेत. रस्ता खणणारे एकच यंत्र दोन्ही केबली एका घावात तोडू शकते. तिसरे, आमच्या शहरातील मोठी रुग्णालये व शासकीय कार्यालये यांनीही आपापल्या दूरध्वनींची हीच परीक्षा घ्यावी. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊन त्या एकाच खोलीत, एकाच विद्युतपुरवठ्यावर बसविणे म्हणजे दोन कुलुपांच्या किल्ल्या एकाच कडीत ओवण्यासारखे आहे.

या कामास नव्या इमारती नकोत, की नवे उद्घाटन समारंभ नकोत. थोडी शिस्त आणि आपल्याच यंत्रणेतील दोष पाहण्याचे धैर्य, एवढेच हवे आहे. साकोलीच्या वा सिरोंच्याच्या माणसास आपली हाक कोणत्या नगरीत घेतली गेली, याशी कर्तव्य नसते; ती घेतली जावी, एवढाच त्याचा हक्क आहे. तो राखण्याचे काम नागपुराकडे आले आहे, आणि त्याची परीक्षा संकटापूर्वीच झाली पाहिजे.