आपट्याचे सोने आणि वायद्याचे सोने

आज विजयादशमी. यवतमाळ जिल्ह्यात या सुमारास सोयाबीन घरी येऊ लागते, कापसाची वेचणी तोंडावर असते. सायंकाळी मुले आपट्याची पाने वडीलधाऱ्यांच्या हाती देऊन पाया पडतात. कीर्तनात या दिवशी रघु-कौत्साचे आख्यान ठरलेलेच. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटींपलीकडे कौत्स काही घेईना आणि कुबेराने वर्षिलेले सारे दिल्यावाचून रघु राहीना, असे कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वर्णिले आहे. आपट्याचे झाड मात्र त्या काव्यात नाही. ते लोककथेने लावले, आणि सुरेख लावले.

परंतु अलीकडे आख्यान संपले की श्रोते आम्हांस पुण्य विचारीत नाहीत, भाव विचारतात! जगात युद्धवार्ता उठल्या की सोने चढते हे खरे. पण चढलेले टिकतेच असे नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात सोन्याने औंसाला चार हजार डॉलरांची पातळी प्रथमच ओलांडली आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला, ऐन दिवाळीत, ते एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक कोसळले. जानेवारी १९८० मध्ये साडेआठशे डॉलरांस पोहोचलेल्या सोन्याला तो आकडा पुन्हा दिसण्यास २००८ साल उजाडावे लागले. जुलै २०२४ मध्ये आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणल्याची एक घोषणा दिल्लीत झाली, आणि येथल्या पेढ्यांवरील भाव उतरले.

आज घेतलेली बांगडी आठवड्याने मोडली तर घडणावळ आणि कर दोन्ही बुडालेच. म्हणून तरुण मंडळी वायद्याकडे वळतात. तेथे सोने बहुधा घरी येतच नाही. समजा, एक लाख अनामत ठेवून दहा लाखांचा सौदा केला. भाव पाच टक्के उतरला की पन्नास हजार गेले, म्हणजे निम्मी अनामत. भर घालावी, नाहीतर सौदा तोडला जातो. मग उद्या भाव चढला तरी त्याचे सुख दुसऱ्याला.

ही अनामत येते कोठून? आमच्या कीर्तनास नित्य येणाऱ्या एका गृहस्थांनी ती पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून उभी केली, तिला न विचारता. स्त्रीधन घेऊन पतीला ते परत न करण्याची मुभा याज्ञवल्क्याने चारच प्रसंगी दिली आहे: दुर्भिक्ष, धर्मकार्य, व्याधी आणि बंधन. तेजी-मंदी त्या चारांत नाही. स्त्रीधन ही स्त्रीचीच संपूर्ण मालमत्ता, असे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे.

व्यापाराला शास्त्राची बंदी नाही. ज्याच्यापाशी बुडाले तरी चूल विझणार नाही असा पैसा आहे, त्याने खुशाल सौदे करावेत. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यातील कापूस खाल्ला, तसे वर्ष पुन्हा आले तर कोरडवाहू घरात पाटल्यांखेरीज दुसरी कोणती पेढी आहे? दुर्भिक्ष म्हणतात ते हेच. त्या दिवसासाठी ठेवलेले सोने आधीच वायद्यात गेले असेल, तर पुढच्या पेरणीचे बी कशावर आणायचे?

कापसाचे पहिले पैसे हाती येताच पाटल्या सोडवा, असे आम्ही त्या गृहस्थांस नवरात्रातच सांगितले. त्यांनी मान हलविली, आणि जाता जाता विचारले, “महाराज, दिवाळीपर्यंत भाव चढेल ना?”